राखणीच्या कुत्र्याकरितां बाटलीचें पाणपात्र

बैल, गाय, म्हैस यांच्या पाण्याची वेळ शेतकरी सहसा चुकवीत नाहीं. परंतु मळ्यावर रात्रंदिवस राखण करणाऱ्या कुत्र्यानें आपलें पाणी आपणच शोधावें, अशी रीत बहुतेक ठिकाणीं दिसते. मोट व पाट चालू असतां ही रीत चालून जाई. आतां ठिबकचें पाणी बंद नळ्यांतून थेट पिकाच्या मुळाशीं जातें; उघड्यावर राहतें तें खताच्या टाकींतलें किंवा फवारणीच्या पिंपांतलें. तहानेलें जनावर त्यासच तोंड लावतें. म्हणून कुत्र्याच्या पाण्याची सोय ही केवळ भूतदयेची नव्हे, तर त्याच्या जिवाची बाब आहे. ती घरांतील टाकाऊ बाटल्यांतून, बिनखर्चानें होऊं शकते.

पाणी किती लागतें — कुत्र्यास माणसाप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हां तोंडांतील ओलाव्याची वाफ होऊन त्याचें अंग निवतें. हा ओलावा पाण्यानेंच भरून निघतो. दर किलो वजनास सुमारें ५० ते ६० मिलिलिटर या मानानें २० किलोच्या कुत्र्यास दिवसास एक लिटरहून थोडें अधिक पाणी लागतें. वैशाखांत, तसेंच पिलांस पाजणाऱ्या कुत्रीस, याहून पुष्कळ अधिक.

बाटली कोणती घ्यावी — या कामांतील मुख्य प्रश्न हाच होय. पिण्याच्या पाण्याची, सरबताची किंवा खाद्यतेलाचीच बाटली घ्यावी. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा बुरशीनाशकाचा डबा कितीही धुतला तरी घेऊं नये. औषधाचा अंश प्लास्टिकांत मुरतो व पुढें पाण्यांत उतरतो. लेबलावरील त्रिकोणाचे तांबडा, पिवळा, निळा व हिरवा हे रंग विषाची उतरती पायरी दाखवितात. हिरवा म्हणजे निर्विष असें नव्हे. बुडाशीं छापलेल्या १ किंवा २ या आंकड्यावरही विसंबूं नये. तो प्लास्टिकची जात सांगतो, आंत काय होतें तें सांगत नाहीं. असे रिकामे डबे पुन्हा वापरांत येऊं नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावे, असें १९७१ च्या कीटकनाशक नियमांत सांगितलें आहे. लेबल गळालेली बाटली विषाचीच समजावी.

कृति — (१) १५ लिटरचा खाद्यतेलाचा प्लास्टिकचा डबा साबणानें घांसून स्वच्छ करावा व बुडापासून चार बोटें उंची ठेवून कापावा. ही परात झाली. (२) कापलेल्या काठानें जीभ फाटते. म्हणून पाण्याच्या बारीक नळीचा तुकडा उभा चिरून काठावर सभोंवार बसवावा. ठिबकची जुनी नळी नको. तिच्यांतून खत गेलेलें असतें. (३) दोन लिटरच्या बाटलीस बुडापासून दोन बोटांवर, तापलेल्या सळईनें पेन्सिलीएवढें भोंक पाडावें. तें परातीच्या काठाच्या खालींच राहिलें पाहिजे. (४) भोंकावर बोट धरून बाटली भरावी, झांकण घट्ट लावावें, ती परातीच्या कोपऱ्यांत उभी करून खुंटास बांधावी व बोट काढावें.

पाणी भोंकाच्या वर चढलें कीं आपोआप थांबतें. कारण परातींतील पाण्यावर बाहेरील हवेचा दाब असतो, व बाटलींत हवा शिरण्यास वाट उरत नाहीं. कुत्रा पाणी प्याला कीं भोंक उघडें पडतें, हवेचा बुडबुडा आंत जातो व तितकें पाणी बाहेर येतें. झांकण सैल राहिल्यास सारी बाटली रिकामी होते.

निगा — पात्र सावलींत ठेवावें. उन्हानें बाटलींतील हवा फुगून पाणी बाहेर ढकलते, आणि प्लास्टिक ठिसूळ होतें. पाणी रोज बदलावें. आठवड्यांतून एकदां परात काथ्यानें घांसून वाळवावी. डेंग्यूच्या डासाचीं अंडीं काठास चिकटतात, सुकूनही कित्येक महिने टिकतात, व नुसतें विसळल्यानें जात नाहींत. फवारणीच्या दिवशीं पात्र शेतांतून हलवावें. ज्या कुत्र्यास चावण्याची खोड असेल, त्यास मातीचा परळ किंवा दगडी डोण द्यावी. गिळलेला प्लास्टिकचा तुकडा आंतड्यांत अडकतो.

पात्र केलें म्हणून खताची टाकी व फवारणीचें पिंप उघडें ठेवण्यास मोकळीक मिळाली, असें समजूं नये. कुत्र्याची तहान भागली तरी वासरूं, शेळी व घरचें लहान मूल तेथें पोंचतेंच.