संकल्प आणि वजनकाटा

गुढीपाडवा, दसरा किंवा इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस उजाडला की अनेक घरांत वजन उतरविण्याचा संकल्प सोडला जातो. धर्मकृत्यात संकल्प 'सोडणे' म्हणजे तो करणे. येथे मात्र पुढे तो शब्दशः सुटतो. पहाटेचा गजर लावला जातो, चालण्यासाठी नवे बूट येतात, साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. पंधरवडा बरा जातो. मग लग्नसराई सुरू होते, पाहुणे येतात, कचेरीत कोणाचा तरी निरोपसमारंभ असतो आणि महिनाभरात डबा पुन्हा हाताशी येतो. अशा वेळी बहुतेकजण दोष देतात तो स्वतःच्या मनोबलाला. हे निदान बव्हंशी चुकीचे आहे. चुकीच्या निदानावरून घेतलेल्या औषधाप्रमाणे त्याने अपायच अधिक होतो, कारण एकदा आपण दुबळ्या मनाचे आहोत असे ठरविलेला मनुष्य दुसऱ्यांदा प्रयत्न करण्यास धजत नाही.

हा प्रश्न आता मूठभर सुखवस्तू लोकांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील १५ ते ४९ या वयोगटात १२.६ टक्के स्त्रियांचे आणि ९.३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ च्या पाहणीत हीच प्रमाणे अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज वर्तविला. या उंबरठ्यावरून परत फिरता येते, आणि वजनाच्या प्रश्नाचे खरे महत्त्व येथेच आहे.

परत फिरण्यासाठी किती वजन उतरावे लागते? अमेरिकेत अशा ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शरीराच्या वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे शारीरिक हालचाल एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. ऐंशी किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे सुमारे साडेपाच किलो होतात. पंचवीस किलोंचे उद्दिष्ट ठेवून तीन आठवड्यांत निराश होण्यापेक्षा हा हिशेब प्रारंभीच डोळ्यांसमोर असणे इष्ट होय.

दुष्काळाची आठवण

महाराष्ट्रातील जुन्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या आणि सुकडी व लाल मिलोवर दिवस काढणाऱ्या माणसांना अंगाने भरलेले मूल हे भाग्याचे लक्षण वाटणे स्वाभाविक होते. 'खात्यापित्या घरचा' हा शब्दप्रयोग आजही कौतुकानेच केला जातो. अशा घरात 'वजन कमी करतो' असे म्हणणाऱ्याला पहिला विरोध होतो तो आईकडून, आणि तोही मायेपोटी.

शरीरालाही टंचाईची अशीच काहीशी आठवण असावी, असे पुण्यात झालेले संशोधन सुचविते. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. मात्र स्नायूंच्या मानाने पाहता आपल्या किरकोळ दिसणाऱ्या बालकांच्या अंगावर चरबी बरीच टिकून होती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली.

यावरून आरशावर विसंबू नये, हे उघड आहे. हातपाय बारीक आणि पोट तेवढे सुटलेले, अशी मूर्ती आपल्याकडे बसगाडीत, बँकेत, शाळेच्या शिक्षककक्षात सर्वत्र दिसते. ती स्वतःला लठ्ठ समजत नाही आणि म्हणूनच संकल्पाच्या वाटेला जात नाही. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी उंची-वजन निर्देशांकाची मर्यादा २३ आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानली आहे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहजपणे सोडून, शिंप्याची टेप लावली की हे मोजमाप घरच्या घरी होते.

कारण स्वतःचे हवे

डॉक्टरांनी घातलेली भीती काही आठवडे टिकते. रक्ततपासणीचा कागद कपाटात गेला की भीतीही कपाटात जाते. लोकांच्या चेष्टेने तर उलटच घडते. 'जाड्या' म्हणून हिणविलेले मूल मैदानावर जाणेच टाळू लागते. मनात मुरते ते स्वतःचे, रोजच्या जगण्यातले कारण. जमिनीवर पाटावर बसून जेवता यावे, जेजुरीच्या पायऱ्या मध्ये न थांबता चढता याव्यात, रविवारी मित्रांबरोबर सिंहगडावर जाता यावे, आषाढीला आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट एकदा तरी पायी चालता यावी, अशी ही कारणे असतात. गुडघेदुखीने त्रस्त व्यक्तींवरील २००५ च्या एका अभ्यासात वजन एक किलो घटले असता प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे आढळले. ज्या आजीला नातवामागे धावायचे आहे तिच्या दृष्टीने कोणत्याही तक्त्यापेक्षा ही माहिती अधिक मोलाची ठरेल.

उत्साह कोठे ओसरतो

उत्साह ओसरण्याची ठिकाणे ठरलेली असतात, आणि ती आधी ठाऊक असली तर त्यांचा धक्का बसत नाही. आहार कमी करताच पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोही खाली येतो. हे उतरलेले वजन बरेचसे पाण्याचे असते. यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साठविलेली शर्करा आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. ती खर्च होताच ते पाणीही जाते. नंतर खऱ्या चरबीचा हिशेब सुरू होतो आणि तो कठोर आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. रोज पाचशे उष्मांकांची बचत केली तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. पहिल्या आठवड्याच्या वेगाची अपेक्षा धरणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपले काही चुकले असे वाटते. वस्तुतः तेव्हाच सर्व काही योग्य मार्गावर असते.

दुसरे ठिकाण काही महिन्यांनी येते. काटा हालतच नाही. वजन दहा टक्के घटले असता शरीराचा उष्मांकांचा खर्च घटलेल्या वजनाच्या मानानेही अधिक कमी होतो, हे १९९५ मध्ये न्यूयॉर्क येथील संशोधकांनी दाखवून दिले. भूक चेतविणारी संप्रेरके वर्ष उलटल्यावरही चढीच राहतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात आढळले. शरीर टंचाईशी झुंजत असते. त्याला गुढीपाडव्याचा संकल्प ठाऊक नसतो. अशा काळात काट्याखेरीज दुसरा साक्षीदार हवा. कमरेचा घेर, रक्तदाब, जिना चढतानाची धाप यांची नोंद येथे उपयोगी पडते. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली ५३१ व्यक्तींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत आहार व व्यायाम यांतील बदलांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात लक्षणीय घट झालेली नसताना. काटा स्थिर असला तरी चालणे वाया जात नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

पंगत, उपवास आणि स्वयंपाकघर

तिसरे ठिकाण म्हणजे आपली पंगत. 'आणखी एक घ्या' याला 'नको' म्हणणे हा यजमानीणबाईंचा अवमान समजला जातो. आग्रहाशी भांडण्यात अर्थ नाही. त्याची तजवीज करावी. पहिल्या वाढीला अर्धीच पुरणपोळी घेणारा पाहुणा दुसऱ्या वाढीला अर्धी घेऊन आग्रहाचा मानही राखतो आणि स्वतःचा नेमही. उपवासाची कथा निराळीच आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट, वर तूप आणि सोबत बटाट्याचा कीस, असा उपवास आठवड्याची बचत एका दिवसात फस्त करतो.

नित्याचे जेवण मात्र मोजता येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोख तेल, साखर व मीठ बेताने वापरण्यावर आहे. माणशी रोज २५ ग्रॅम तेल धरले तर चौघांच्या कुटुंबास महिन्याला तीन किलो पुरते. वाण्याच्या यादीत पाच किलोंचा डबा असेल तर जादा दोन किलो कोठे जातात, हे शोधण्यासाठी आहारतज्ज्ञाची गरज नाही. दिवसाकाठी चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक. कपातील एक चमचा कमी केला तर महिन्याभरात जीभ त्याला सरावते.

येथे एका अन्यायाचा उल्लेख करणे भाग आहे. पहाटे फिरायला जाण्याचा उपदेश ज्या गृहिणीला केला जातो, तिला त्याच वेळी पाणी भरायचे असते आणि डबे करायचे असतात. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले टाकवत नाही म्हणून तेही तीच संपविते. तिच्या बाबतीत प्रेरणेचा प्रश्न हा मनाचा नसून वेळेचा आहे, आणि तो सुटतो घरातील इतरांनी पोळीचा डबा स्वतः भरून घेतल्याने. अन्न मोजून शिजविणे हाही त्यातलाच एक भाग.

नेम कसा रुजतो

'उद्यापासून चालणार' या वाक्यात वेळही नाही आणि जागाही नाही. 'सायंकाळी बसमधून उतरल्यावर घरी न येता आधी मैदानाच्या चार फेऱ्या' असे ठरविणाऱ्याला रोज नव्याने मनाशी वाद घालावा लागत नाही. आधीपासून असलेल्या कृतीला नवी कृती बांधली की स्मरणाचे काम जुनी कृती करते. लंडनमधील विद्यापीठात ९६ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवसही लागतील असे दिसले. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा खंड पडला नाही, ही त्यातील विशेष आश्वासक बाब. लाडू खाल्ला म्हणून 'आता मोडलेच, तर आज सगळेच खाऊ' हा विचार त्या लाडवाहून कितीतरी अधिक अपायकारक असतो.

सोबतीचे बळ वेगळे सांगावयास नको. न्यूयॉर्कमधील जीन नायडेच या गृहिणीने १९६१ मध्ये आपल्याच घरी मैत्रिणींना जमवून खाण्याच्या मोहाबद्दल मोकळेपणाने बोलण्यास आरंभ केला. त्यातून १९६३ मध्ये वेट वॉचर्स ही संस्था उभी राहिली. आपल्याकडील भजनी मंडळे आणि महिला बचत गट यांच्या बैठका ठरल्या वारी भरतातच. तेथे एक वजनकाटा आणि एक वही ठेवण्यास खर्च तो किती?

उतरलेले वजन राखताना

वजन उतरविण्यापेक्षा ते राखणे कठीण, कारण तेव्हा कौतुक करणारे थकलेले असतात. अमेरिकेत १९९४ पासून किमान ३० पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर राखणाऱ्यांची नोंदवही ठेवण्यात आली. तीत दहा हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ७५ टक्के आठवड्यातून किमान एकदा वजन करीत, ७८ टक्के रोज न्याहारी करीत, आणि ९० टक्के दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करीत असत. हे यशस्वी लोकांनी स्वतः होऊन दिलेले तपशील आहेत. असे यश किती जणांना येते हे त्यावरून समजत नाही. तथापि यशस्वी झालेल्यांनी काटा अडगळीत टाकला नाही, एवढे निश्चित दिसते.

नव्या औषधांची चर्चा सध्या जोरात आहे. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असून ती घेणाऱ्यालाही नेम चुकत नाही. गर्भवती व स्तनदा मातांनी, तसेच मधुमेहावर इन्शुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्यांनी आहारात मोठी कपात परस्पर करू नये. काहीही न करता वजन झपाट्याने उतरू लागले, तर समाधान न मानता तपासणी करून घ्यावी.

वजन करावे ते आठवड्याच्या ठरल्या वारी, सकाळी, काही खाण्यापूर्वी आणि एकाच काट्यावर. दिवसागणिक होणारा पाव-अर्धा किलोचा चढउतार पाण्यामिठाचा असतो. त्याने हुरळू नये वा खचू नये. राखलेल्या आकड्यावर दोन किलो चढले की वही पुन्हा उघडावी आणि दिवसभरात जे पोटात गेले ते रात्री त्यात लिहावे, चहासुद्धा.