म्हणीचं मूळ शोधताना

शाळेत मराठी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हण फळ्यावर लिहिली, अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून घेतला, की मागच्या बाकावरून प्रश्न यायचाच, "पण बाई, असं का म्हणतात?" परीक्षेत या प्रश्नाला गुण नसतात. मला मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटत आला. त्याचा माग काढताना जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. गोष्ट फारच चपखल बसत असेल, तर आधी पंचांग उघडावं. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, असं घरोघरी सांगतात. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी आणि संक्रांतही १४ जानेवारीची, तेव्हा शंकेला जागाच उरत नाही. पण संक्रांतीची तारीख कायमची ठरलेली नाही. सूर्याचा मकर राशीतला प्रवेश साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, म्हणून तर हल्ली अधूनमधून १५ तारखेला तिळगूळ वाटावा लागतो. याच हिशेबाने मागे गेलं, तर १७६१ साली संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

मग वाक्प्रचार कुठला? पंचांगातलाच. दरवर्षी त्यात संक्रांतीचं वर्णन छापलेलं असतं : वाहन कोणतं, उपवाहन कोणतं, वस्त्र कोणत्या रंगाचं, हातात शस्त्र काय, आली कुठून, चालली कुठे, पाहते कुठे. ती जे धारण करते ते महागतं आणि जिकडे नजर टाकते तिकडे संकट येतं, अशी समजूत. माझी आजी हे 'संक्रांतीचं फळ' भटजींकडून मन लावून ऐकायची. संक्रांत पिवळं नेसून आली असेल, तर त्या सणाला घरातली एकही बाई पिवळ्या लुगड्याला हात लावत नसे. 'तुझ्यावर संक्रांत आली' या बोलण्यातली धास्ती इथली आहे.

२. तरीही चुकीची ठरलेली गोष्ट टाकून देऊ नये. पानिपतावर घरटी माणूस गेलं. एवढ्या मोठ्या दुःखाला लोकांनी आधीच तोंडात असलेल्या शब्दाशी बांधलं, यात नवल नाही. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव तिथे पडले आणि 'विश्वास पानिपतात गेला' हे बोल तयार झाले. ते आजही, उसने पैसे बुडाल्यावर, सहज निघतात.

३. म्हण निकाल देऊन मोकळी होते. शिकवणाऱ्याने तसं करू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' नारायणरावांच्या काकू आनंदीबाईंनी केलं, असं लोक म्हणू लागले आणि 'ध चा मा करणे' कायमचं त्यांच्या माथी बसलं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो आनंदीबाईंचे पती रघुनाथराव यांच्यावर. पण भाषेने काय केलं पाहा. रघुनाथरावांना मोहिमेच्या वेगासाठी 'राघोभरारी' हे कौतुकाचं नाव मिळालं, १७५८च्या उत्तरेतल्या स्वारीमुळे 'अटकेपार झेंडे लावणे' मिळालं, आणि बाईंच्या वाट्याला एक आरोप आला. मला हे फार टोचतं. वर्गात ही म्हण शिकवताना 'असं लोक सांगतात' हे शब्द मी एकदाही गाळले नाहीत.

४. टोपणनावात त्या काळाची मोजपट्टी सापडते. पेशवाईतले साडेतीन शहाणे म्हणजे सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पुरे आणि नाना फडणवीस अर्धे. नानांची मसलत सगळ्यांना मान्य, पण ते तलवारीचे गडी नव्हते. तेवढ्यावर अर्धं शहाणपण कापलं गेलं!

५. मूळ दरवेळी दरबारात शोधू नये, तलाठ्याच्या कपाटातही शोधावं. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, बारा म्हणजे तिच्यात काय पिकतं. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. खेडेगावातल्या शाळेत हे मला शेतकऱ्यांच्या पोरांनीच समजावून दिलं. कर्जाचा बोजा 'इतर हक्क' या रकान्यात चढतो आणि तो उतरला की 'सातबारा कोरा' होतो, हे सांगताना त्यांच्या बोलण्यात बापाची काळजी उतरलेली असायची. शहरात मात्र तोच शब्द भांडणात येतो : "रस्त्याचा सातबारा तुझ्या नावावर आहे का?"

'चारसोबीस'ही असाच कागदातला. भारतीय दंड संहितेचं कलम ४२० फसवणुकीचं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. तरी लबाडाला 'तीनशे अठरा' म्हणणारा अजून भेटलेला नाही.

६. घडवलेला शब्द लोकांच्या गरजेला पडला तरच जगतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले. सुरनिसाचा सचिव झाला, मुजुमदाराचा अमात्य. आज मंत्रालयात दारोदारी 'सचिव' अशी पाटी आहे. अमात्य इतिहासाच्या पुस्तकात राहिले आणि मुजुमदार आडनाव होऊन टिकले. सावरकरांच्या नावावर जमा असलेल्या शब्दांचंही तेच. दिनांक प्रत्येक अर्जावर आला, महापौर पालिकेत बसले. 'हुतात्मा' या शब्दात प्राण आला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसं गोळ्यांना बळी पडली तेव्हा. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला, आणि कधी शब्दकोश न उघडलेला माणूसही कंडक्टरकडे हुतात्मा चौकाचं तिकीट मागू लागला.