लिली लावताय? आधी तिचं कुळ विचारा

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्या-मुंबईतल्या नर्सरीत शिरलं की लिलीच्या नावाखाली किती तरी झाडं पुढे येतात. रेन लिली, स्पायडर लिली, फुटबॉल लिली, पीस लिली. दिवाळीच्या सुमाराला त्यांत एशियाटिक लिलीच्या कंदांची भर पडते. यांतली पीस लिली अळूच्या कुळातली. रेन, स्पायडर आणि फुटबॉल या ॲमरिलिसच्या कुळातल्या. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने अस्सल लिली म्हणजे एशियाटिक आणि ओरिएंटल. घरी आणल्यावर मात्र सगळ्या एका रांगेत बसतात, सगळ्यांना रोज सारखंच पाणी मिळतं आणि तिथेच घात होतो.

फुटबॉल लिलीचं उदाहरण मी जवळून पाहिलं. शेजारच्या घरी मे महिन्यात तिचा लालभडक गोल फुलला. शेकडो बारीक फुलांचा तो गोल बघायला सगळी इमारत जमायची. हिवाळ्यात पानं पिवळी पडली, गळून गेली. झाड सुकलं या काळजीने घरच्यांनी पाणी वाढवलं. पुढचा मे कोरडाच गेला. कुंडी उपडी केली तेव्हा कंदात बोट सहज रुतत होतं. आतून तो तपकिरी झाला होता आणि कुजका वास येत होता.

पानं गळणं ही या झाडाची विश्रांती असते. तेव्हा पाणी तोडावं आणि कुंडी पाऊस-पाणी लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवून द्यावी. एप्रिलच्या अखेरीस वरची माती हलवून मूठभर शेणखत घालावं आणि थोडं थोडं पाणी सुरू करावं. कंद जागच्या जागी राहिलेला बरा. दरवर्षी उकरला तर फूल रुसतं.

ॲमरिलिसचा कंद लावताना त्याची मान मातीच्या वर राहू द्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं येऊन गेली की दांडा कापावा, पण पानांना हात लावू नये. पुढच्या वर्षीच्या फुलाचं अन्न तीच तयार करतात.

एशियाटिक लिलीच्या कंदाला कांद्यासारखं कोरडं साल नसतं. त्यामुळे तो लवकर सुकतो किंवा कुजतो. घेताना दाबून बघा, टणक असेल तरच घ्या आणि आणल्या आणल्या लावा. खोडालाही मुळं फुटतात, म्हणून वर चांगला वीतभर मातीचा थर हवा. निचरा होणारी माती, सकाळचं ऊन, दुपारी सावली एवढं मिळालं की दोन-तीन महिन्यांत फूल येतं. या कंदाला पुन्हा फुलायला थंडीचा काळ लागतो. विक्रीला येणारे कंद शीतगृहातून आलेले असतात. आपल्याकडच्या गरम हवेत दुसऱ्या वर्षी तशाच बहराची आशा धरू नये.

नवख्याने सुरुवात रेन लिलीने करावी. दाटीवाटीच्या कुंडीतही ती खूश असते आणि कोरड्या दिवसांनंतर चांगली सर आली की थोड्याच दिवसांत फुलते. पीस लिलीला उजेड हवा, पण थेट ऊन नको. तहान लागली की ती पानं टाकते. पाणी दिल्यावर काही तासांत उभी राहते.

पावसाळ्यात स्पायडर लिलीची पानं रोज उलटून बघावीत. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेल्या अळ्या तिच्यावर टोळीने येतात. अंड्यांचे पुंजके पानावर असतानाच खुडले तर झाड वाचतं. दुर्लक्ष झालं तर हिरवागार गड्डा बघता बघता बोडका होतो. अळ्या लहान असताना हाताने वेचणं आणि निंबोळी अर्काची फवारणी पुरते.

मांजर असलेल्या घरात एशियाटिक, ओरिएंटल आणि डे लिली आणूच नयेत, फुलदाणीतसुद्धा नाही. पान, पाकळी, अंगाला लागून चाटले गेलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, यांतलं काहीही मांजराच्या मूत्रपिंडांवर घाला घालतं. संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच क्षणी पशुवैद्य गाठावा. पीस लिलीचं पान चावलं तर कच्च्या अळूसारखी तोंडाला खाज आणि आग होते. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावी, म्हणजेच ग्लोरी लिली, घरी लावण्याचा मोह अनेकांना होतो. तिच्या कंदासकट सर्वांगात कोल्चिसीन नावाचं विष असतं आणि ते माणसाचाही जीव घेऊ शकतं. लहान मुलं असलेल्या घरात ती नकोच. ॲमरिलिसच्या कुळातले कंदही पोटात गेले की उलट्या होतात, आणि दिसायला ते कांद्यासारखेच असतात. म्हणून काढलेले कंद नावाची चिठ्ठी लावून कागदी पिशवीत, स्वयंपाकघरापासून लांब ठेवावेत.