पेढे इथेच खा, बूट तिकडे घ्या

प्रश्न : लेक शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. उन्हाळ्यात जर्मनीतल्या गोठ्यावर दोन महिने प्रशिक्षणाला जायचंय. पगार नाही, म्हणजे टुरिस्ट व्हिसा चालेल ना? सोबत काय द्यावं?
— एक पालक, शिरवळ

उत्तर : नाही, चालणार नाही. पगार नसला तरी ते प्रशिक्षणच आहे. अर्जात खरा हेतू लिहा आणि यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र जोडा. तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते का, हे त्या संस्थेलाच लेखी विचारायला सांगा. जर्मनीसाठीच्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, तेव्हा दोन महिने सहज बसतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण 15 दिवस लागतात, पण हंगामात जास्तही लागतात. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

आता सामान. साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप बॅगेत भरू नका. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल द्या. इथल्या गोठ्यात वापरलेले गमबूट मात्र घरीच राहू द्यात. लाळ्या-खुरकुताचा विषाणू चिखलातूनही जातो, आणि याबाबत तिकडचे लोक फार काटेकोर असतात. रेबीजची लस झालेली नसेल तर डॉक्टरांशी बोलून आधीच उरका.

खोलीचं म्हणाल, तर न पाहता कुणा अनोळखी घरमालकाला डिपॉझिट पाठवू नका. यजमान संस्थेलाच वसतिगृहाबद्दल विचारा. बाकी काळजी नको, दोन दिवसांत रुळेल.