शाळेचा संगणक व संकेतशब्दांची जपणूक

शिक्षकाची बदली झाली म्हणजे जनरल रजिस्टर, जडवस्तू नोंदवही, कपाटांच्या किल्ल्या, फार काय पोषण आहाराची भांडीसुद्धा यादीनिशी नव्या शिक्षकाच्या स्वाधीन केली जातात. शाळेच्या संगणकात साठून राहिलेले संकेतशब्द, म्हणजेच पासवर्ड, मात्र बहुधा कोणत्याच यादीत येत नाहीत. यू-डायस प्लसवरील मुलांची माहिती आणि शालार्थमधील वेतनाची नोंद या संकेतशब्दांच्याच आड असते. म्हणून त्यांच्या जपणुकीचा विचार प्रत्येक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

संकेतशब्दाची प्रथा नवी नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वापरण्याची पद्धती दाखविण्यात आली. प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून तीत संकेतशब्द योजिले होते. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधकास संगणकावर अधिक वेळ हवा होता. त्याने सर्वांच्या संकेतशब्दांची यादीच छापून घेतली. संकेतशब्द कितीही अवघड असला, तरी तो ठेवण्याची जागा उघडी असल्यास त्याचा उपयोग नाही, हा बोध त्यातून मिळतो.

आजचे ब्राउझर, उदाहरणार्थ क्रोम व फायरफॉक्स, संकेतशब्द जतन करावा काय, असे विचारतात. होकार दिल्यास संकेतस्थळाचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्द ही एकत्र साठविली जातात. पुढे तोच पत्ता उघडला की ती आपोआप भरली जातात. यापासून दोन लाभ होतात. पहिला, स्मरणाचा भार हलका झाल्यामुळे प्रत्येक ठिकाणी निराळा व लांब संकेतशब्द ठेवता येतो. दुसरा, हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानाने मनुष्य फसतो. ब्राउझर मात्र पत्ता जुळवून पाहतो. नेहमीच्या पानावर संकेतशब्द आपोआप भरला गेला नाही, तर शिक्षकानेही थबकावे व पत्ता निरखून पाहावा.

परंतु सोय तेथे धोकाही आहे. साठविलेला संकेतशब्द उघड करून दाखविण्यापूर्वी ब्राउझर सहसा संगणकाचा संकेतशब्द मागतो. तो पानावर भरताना मात्र सामान्यतः काहीच विचारीत नाही. सारांश, ज्याच्या हाती उघडा संगणक, त्याच्या हाती सारी खाती. यास्तव पुढील नियम पाळावेत :

१. शाळेच्या संगणकावर प्रत्येक शिक्षकाचे खाते वेगळे असावे. जागेवरून उठताना विंडोज व एल या कळा एकत्र दाबून पडदा कुलूपबंद करावा.

२. परक्या वा सामाईक संगणकावर संकेतशब्द जतन करू नये. क्रोममध्ये ‘गेस्ट’ खिडकी उघडून काम करावे व संपताच ती बंद करावी.

३. फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा.

४. शाळेच्या ब्राउझरला स्वतःचे गूगल खाते जोडून ठेवू नये. तसे केल्यास घरच्या मोबाइलमध्ये साठविलेले बँकेचे संकेतशब्दही शाळेच्या संगणकात येऊ शकतात.

५. क्रोममधील संकेतशब्द तपासणी अधूनमधून करावी. फुटलेले, दुबळे व पुनःपुन्हा वापरलेले संकेतशब्द तीत दाखविले जातात.

बदलीच्या प्रसंगी एक भेद ध्यानी ठेवावा : ब्राउझरातून संकेतशब्द पुसणे म्हणजे कुलूप बदलणे नव्हे. पुसल्यावरही जुना शब्द ज्यास पाठ आहे, तो आत जाऊ शकतो. म्हणून शाळेच्या खात्याचा संकेतशब्द नव्या मुख्याध्यापकांनी कार्यभार घेताच त्या संकेतस्थळावर जाऊन बदलावा. नंतर ब्राउझरातील जुनी नोंद काढावी. जाणाऱ्या शिक्षकाने आपली वैयक्तिक खाती शाळेच्या संगणकावरून स्वतः काढून टाकावीत. कार्यभाराच्या यादीत या दोन्ही गोष्टींची नोंद व्हावी. प्रत्यक्ष संकेतशब्द मात्र यादीत लिहू नये.

वर्गातील मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक पालकांनी विश्वासाने शाळेच्या हवाली केलेले असतात. तो विश्वास राखणे हा अध्यापनाचाच एक भाग होय.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न
१. शाळेच्या संगणकात कोणाकोणाचे संकेतशब्द साठविलेले आहेत?
२. ब्राउझरातून नोंद पुसणे व संकेतशब्द बदलणे यांत भेद कोणता?
३. बनावट पान ओळखण्यास ब्राउझरचे साहाय्य कसे होते?