जुने आणि नवे ग्राफिक्स कार्ड : खानदेशातील संगणक कक्षासाठी तुलना कशी करावी

धुळे जिल्ह्यात २०१५ नंतरच्या वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा लोकसहभागातून डिजिटल करण्याचे मोठे काम झाले. जळगाव जिल्ह्यातही अनेक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. त्या काळी घेतलेली यंत्रे आता जुनी होत आली आहेत. ती बदलावीत की त्यांत एखादा नवा भाग बसवून आणखी काही वर्षे चालवावीत, हा प्रश्न मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांच्यापुढे येतो. अशा वेळी दरपत्रकात ‘ग्राफिक्स कार्ड’ ही बाब आढळली, तर तिच्याकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. कारण तिच्यावरील खर्च कधी उरलेल्या संगणकाच्या बरोबरीने जातो आणि तिची पारख मात्र केवळ नावावरून केली जाते.

सर्वसाधारण पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात आणि ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या कसलेल्या गड्यासारखा आहे. अवघड काम तो एकटा झपाट्याने उरकतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कापूस वेचणीला उतरलेला मजुरांचा जथा. प्रत्येकाचे काम साधे, परंतु सारे एकाच वेळी चालते. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून अशा चिपला ‘जीपीयू’ हे नाव रूढ झाले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील ‘परम सिद्धी’ हा महासंगणक २०२० मध्ये जगातील पहिल्या शंभर संगणकांत गणला गेला. त्याचे बळही याच जातीच्या चिपांत आहे.

जुन्या-नव्यातील खरा फरक कोठे पडला, हे एका जोडीवरून स्पष्ट होईल. २०१० मधील ‘जीटीएक्स ४८०’ हे आपल्या काळचे अत्यंत बलवान कार्ड होते. ते सेकंदाला सुमारे १ लाख ३० हजार कोटी आकडेमोडी करू शके; मात्र पूर्ण भाराखाली त्यास २५० वॅट वीज लागे. २०१४ मध्ये आलेल्या ‘जीटीएक्स ७५० टीआय’ची आकडेमोडीची क्षमता जवळपास तेवढीच आहे, परंतु त्याची विजेची गरज ६० वॅट आहे. म्हणजे चार वर्षांत वेग फारसा वाढला नाही, विजेचा खर्च मात्र चौथाईवर आला. दहा संगणकांच्या कक्षात रोज चार तास याप्रमाणे वर्षातील २०० दिवस पूर्ण भाराचे काम धरले, तर हा फरक १,५२० युनिटांचा होतो. स्वस्तात मिळणारे जुने बलाढ्य कार्ड अशा रीतीने महाग पडते.

नावावर विसंबू नये, याचेही उदाहरण देण्याजोगे आहे. ‘जीटी १०३०’ हे कार्ड २०१७ मध्ये आले. त्याची जीडीडीआर ५ मेमरी सेकंदाला ४८ गीगाबाइट मजकुराची ने-आण करते. पुढील वर्षी याच नावाने डीडीआर ४ मेमरीचे कार्ड निघाले. त्याची ने-आण १६.८ गीगाबाइटच आहे. वेचणारे मजूर तेवढेच, पण कापूस वाहणारी गाडी तिपटीने लहान. खोक्यावरील नाव एक आणि काम मात्र बरेच मंद. खरेदीदाराची याहून सोपी फसगत क्वचितच होत असेल!

नवे कार्ड जुन्या मदरबोर्डावर बसविताना आणखी एक अडचण येते. एएमडीचे २०२२ मधील ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच मार्गिका वापरते. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्या पुरतात. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर मात्र हा रस्ता निम्म्या क्षमतेचा होतो आणि वेग घटतो. शिवाय मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डास फार तर ७५ वॅट वीज मिळते. या कार्डास १०७ वॅट लागत असल्याने एसएमपीएसमधून वेगळी जोडणी द्यावी लागते. जुन्या संगणकाच्या एसएमपीएसमध्ये ती बहुधा नसते.

आता खानदेशापुरती विशेष बाब. कार्डांच्या वेगाचे जे आकडे प्रसिद्ध होतात, ते बहुधा २०-२५ अंश तापमानाच्या खोलीत मोजलेले असतात. जळगाव, भुसावळ, धुळे या परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छताखालील खोलीत तर विचारावयासच नको. पंख्याचा वेग व विजेचा भार तोच राहिला, तर खोली जेवढी तापते तेवढीच चिपही अधिक तापते. २२ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारी चिप ४२ अंशांच्या खोलीत ८५ अंशांकडे जाते. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांना ८३ अंशांच्या सुमारास मर्यादा घातलेली असते. तेथे पोहोचताच कार्ड स्वतःहून वेग कमी करते. पंख्यात कापसाची तंतुमय धूळ साचली असेल तर ही वेळ लवकर येते. म्हणून आपल्याकडे दोन कार्डांपैकी कमी वॅटचे कार्ड कागदावर किंचित मंद असले, तरी दुपारच्या तासाला तेच पुढे राहण्याचा संभव असतो.

मुळात असे कार्ड हवे की नको, हे कामावरून ठरते. शाळेत प्रामुख्याने चित्रफिती दाखविल्या जातात. ‘जीटी ७१०’सारखे जुन्या धाटणीचे कार्ड आजच्या एचईव्हीसी व व्हीपी ९ या पद्धतींच्या चित्रफिती स्वतः उलगडू शकत नाही, ते ओझे प्रोसेसरवर पडते. त्या पिढीच्या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर देणेही एनव्हिडियाने २०२१ मध्ये थांबविले. उलट २०१७ नंतरच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरांत अंगभूत असलेला चित्रविभाग हेच काम सहज करतो. अशा यंत्रात वेगळे कार्ड घालणे आमच्या मते अनाठायी खर्च होय. तीच रक्कम एसएसडी व मेमरी यांवर खर्च केल्यास मुलांना फरक तत्काळ जाणवेल. स्वामित्व योजनेखाली झालेले गावठाणाचे नकाशे पाहण्यासही कार्डाची आवश्यकता नाही. ड्रोनच्या शेकडो छायाचित्रांतून नकाशा तयार करणे, अथवा तंत्रशिक्षण संस्थेत त्रिमिती आराखडे काढणे, येथे मात्र ते उपयोगी पडते.

कार्ड घेणे आवश्यकच असेल, तर दरपत्रक मागविताना कार्डाच्या नावासोबत मेमरीचा प्रकार, वॅट, मार्गिकांची संख्या आणि ड्रायव्हर कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे लेखी घ्यावे. चाचणी आपल्याच कक्षात, आपल्याच सॉफ्टवेअरवर, संगणकाचे झाकण लावून दुपारी किमान तासभर करावी आणि पहिल्या पाच मिनिटांतील वेग व अखेरच्या पाच मिनिटांतील वेग असे दोन्ही आकडे नोंदवहीत लिहून ठेवावेत.