कलिंगडातील फळमाशी : बुरशीचा वार जमिनीत

कलिंगडाचे फळ लिंबाएवढे झाले की फळमाशीची मादी कोवळ्या सालीला टोचा मारून आत अंडी घालते. टोचल्या जागी चीक येतो, फळ त्या बाजूने खुरटून वाकडे होते. एक-दोन दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात, गर खातात आणि फळ आतून सडते. अळी गरात असताना वरून कितीही फवारले तरी तिला फारसा धक्का लागत नाही.

पूर्ण वाढलेली अळी मात्र फळ सोडते, टुणटुण उड्या मारत जमिनीवर येते आणि मातीच्या वरच्या काही सेंटिमीटर थरात कोषात जाते. उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवसांनी त्या कोषातून माशी निघते. फळमाशीच्या आयुष्यातला हा सर्वांत असहाय काळ आहे आणि मित्रबुरशीचे काम तिथेच सुरू होते. म्हणून पुढची सगळी कृती वेलापेक्षा जमिनीवर भर देते.

कोणती बुरशी?

मुख्य बुरशी मेटारायझियम अॅनिसोप्ली. उसातील हुमणीसाठी आपल्याकडे ती अनेकांनी वापरलेली आहे. १८७९ मध्ये मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ओडेसा भागात गव्हावरील भुंगेऱ्यांविरुद्ध हिचाच प्रयोग केला होता. हिचे बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतात, रुजतात, कातडी विरघळवणारी विकरे सोडून आत शिरतात आणि शरीरात वाढून काही दिवसांत कीड मारतात. ओल मिळाली तर मेलेल्या किडीवर हिरवट थर दिसतो. बुरशी किडीने खावी लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो.

बिव्हेरिया बॅसियाना हीदेखील फळमाशीवर चालते. पण रेशीम किड्यांना होणारा पांढऱ्या बुरशीचा रोग याच बिव्हेरियामुळे होतो. जालना, बीड किंवा अन्य कुठेही शेजारी तुतीची बाग वा कीटक संगोपनगृह असेल तर बिव्हेरियाला हात लावू नये. मेटारायझियमही त्या बाजूला उडणार नाही, अशी काळजी घ्यावी.

साहित्य (एक एकरासाठी)

- मेटारायझियमची भुकटी, ग्रॅमला किमान १ × १०⁸ बीजाणू : ४ ते ५ किलो
- चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत : २०० किलो
- गोणपाट, झारी किंवा स्वच्छ धुतलेला पंप
- क्यू-ल्युअरचे कामगंध सापळे : ५ ते ८
- हातमोजे व मास्क

भुकटी कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेतून अथवा नोंदणीकृत उत्पादकाकडून घ्यावी. पाकिटावर नोंदणी क्रमांक, बीजाणूंची संख्या, उत्पादनाची व मुदतीची तारीख पाहावी. लेबलवर वेगळी मात्रा असेल तर तीच पाळावी. बुरशी जिवंत असते. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेले पाकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

कृती

१. खतावर बुरशी वाढवा. फुले लागण्याच्या ८ ते १० दिवस आधी, म्हणजे लागवडीनंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, शेणखतात भुकटी सारखी मिसळा. पाणी शिंपडून खत एवढेच ओले करा की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. सावलीत साधारण फूटभर उंचीचा ढीग करा आणि ओल्या गोणपाटाने झाका. दोन-तीन दिवसांनी हलक्या हाताने उलथा. कच्चे, तापणारे शेणखत वापरू नका. त्याच्या उष्णतेने बुरशी मरते.

२. जागा नेमकी निवडा. ठिबकमधून मेटारायझियम सोडणे सोपे वाटते. पण मल्चिंग पेपर असलेल्या प्लॉटमध्ये ते पेपरखाली, मुळाशी जाते. वेल आणि फळे मात्र सरीत पसरलेली असतात. अळी पेपरवर उतरली तरी माती शोधत कडेला किंवा रोपांच्या भोकापाशी जाते. म्हणून खत सरीत, पेपरच्या दोन्ही कडांना आणि भोकांभोवती पडले पाहिजे.

३. संध्याकाळी टाका. मादी फुले दिसू लागली आणि वेलांनी सरी झाकायला सुरुवात केली की खत पसरा. खुरपीने वरच्या ५ सेंटिमीटर मातीत हलके मिसळा आणि झारीने पाणी द्या. उघडे ऊन आणि ३५ अंशांवरचे तापमान बुरशीला मानवत नाही. वेलांची सावली झाली की वरचा थर थोडा थंड राहतो आणि ओलही टिकते. पुढे दोन आठवडे सरी पूर्ण वाळू देऊ नका, पण पाणी साचूही देऊ नका.

४. आळवणी करा. १२ ते १५ दिवसांनी १० ग्रॅम भुकटी प्रति लिटर पाण्यात कालवून, गाळून त्याच जागी आळवणी द्या. ही दुसरी मात्रा चुकवू नये, कारण फळे कोवळी असण्याचा काळ लांबतो आणि माश्यांची नवी पिढी त्याच वेळी तयार होते.

५. वेलावरची फवारणी गरजेपुरतीच. सापळ्यात माश्या वाढल्या तर ५ ग्रॅम प्रति लिटर प्रमाणात सूर्य कलल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. कलिंगडाची फुले सकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या कामावर असतात. त्या वेळेत पंप उचलू नका.

६. किडके फळ रोज उचला. ही पायरी टाळली तर वरचा सगळा खर्च वाया जातो. टोचलेली, गळलेली फळे बांधावर किंवा उकिरड्यावर फेकू नयेत. दोन फूट खोल खड्ड्यात पुरावीत किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. सडलेल्या फळातल्या अळ्या एकाच वेळी एवढ्या संख्येने उतरतात की बुरशीवर सगळा भार टाकणे योग्य नाही.

७. सापळे लावा. कलिंगडावरच्या फळमाशीचे नर क्यू-ल्युअरकडे येतात. आंबा-पेरूसाठीचे मिथाइल युजेनॉल इथे चालत नाही. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे त्याला उपाय मानून थांबू नका. त्यातले आकडे पुढची आळवणी कधी करायची, हे सांगतात.

बुरशीनाशकांशी गाठ घालू नका

मर, भुरी, केवडा यांसाठी कार्बेन्डाझिम, कॉपर ऑक्सिक्लोराइड, मॅन्कोझेब यांचा वापर होतो. ही औषधे मित्र-शत्रू ओळखत नाहीत. जमिनीत मेटारायझियम दिल्याच्या आधी व नंतर किमान ८ ते १० दिवस त्या जागी त्यांची आळवणी करू नये. पंपही वेगळा ठेवावा. ट्रायकोडर्मा देत असाल तर ते ठिबकने मुळाशी द्या आणि मेटारायझियम सरीत द्या. एका टाकीत कालवू नका.

काम झाले का, हे तपासा

काचेच्या दोन बरण्या घ्या. एकीत बुरशी दिलेली सरीतली ओलसर माती, दुसरीत बुरशी न दिलेल्या जागेची तशीच माती भरा. किडक्या फळातून मोठ्या झालेल्या सारख्याच अळ्या दोन्हींत सोडा, तोंडाला पातळ कापड बांधा आणि बरण्या सावलीत ठेवा. दोन आठवड्यांत कोणत्या बरणीत किती माश्या निघाल्या, ते मोजा. निघालेल्या माश्यांना साखरपाण्याचा बोळा देऊन आणखी आठवडाभर पाहा, कारण बुरशी दिलेल्या मातीतून वर येताना माशीच्या अंगाला बीजाणू लागतात आणि ती नंतरही मरते. निघालेली मादी अंडी घालण्याआधी दहा-बारा दिवस खाऊन वाढते, त्यामुळे बुरशीला वेळ मिळतो. दोन्ही बरण्यांत फरक दिसला नाही तर भुकटी निकामी होती, ओल कमी पडली किंवा बुरशीनाशक मध्ये आले, यांपैकी एक कारण शोधावे.

मेटारायझियम एका रात्रीत प्लॉट साफ करत नाही. शेजारच्या दोडका, कारले, काकडीतून माश्या येतच राहतात, म्हणून शिवारातल्या वेलवर्गीय पिकांच्या शेतकऱ्यांनी हे काम एकाच आठवड्यात, मिळून करावे. पीक संपल्यावर वेल आणि उरलेली फळे शेतात पडू देऊ नयेत, जमीन खोल नांगरून कोष उन्हावर आणावेत. पुढच्या लागवडीची फळमाशी मागच्या पिकाच्या मातीतच दडलेली असते, तिला तिथेच रोखा.